पीटीबीडीची नळी घरी नेताय? मग एक वही घ्या

पीटीबीडी म्हणजे तुंबलेलं पित्त काढायला कातडीतून यकृतात घातलेली नळी. डिस्चार्जची फाइल हातात देताना मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते, मेडिकलमधून औषधं घ्याल तेव्हा शेजारच्या दुकानातून एक शंभर पानी वही आणि मिलीच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं मापटं घ्या. निम्मे लोक मान हलवतात आणि विसरतात. जे घेतात, त्यांच्या पेशंटचं काय बिनसलंय हे आम्हाला फोनवरच निम्मं कळतं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीची, म्हणजे एक्स-रे आणि सोनोग्राफीवर बघत सुई-नळीने उपचार करणाऱ्या विभागाची सिस्टर आहे. सकाळी प्रोसिजर असतात, दुपारनंतर पित्तनलिकेच्या अभ्यासाचे फॉर्म भरणं माझ्याकडे असतं. वॉर्डातली प्रत्येक नोंद कागदावर सापडते, पण पेशंट बार्शीला किंवा भुसावळला घरी पोचला की पुढचं सगळं कोरं. वही ठेवलेली असेल तरच ती पानं भरतात. तेव्हा ही वही कशी ठेवायची आणि ती बघून घाबरायचं कधी, ते सांगते.

आधी नळी काय करते ते थोडक्यात. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. गाठीमुळे, खड्यामुळे किंवा जुन्या ऑपरेशननंतर नलिका आक्रसल्यामुळे वाट बंद झाली की पित्त मागे तुंबतं. मग कावीळ, खाज, गडद लघवी, पांढुरकी शी. तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपीने, अडथळा सुटला तर उत्तमच. नाही सुटला, तर उजव्या बरगड्यांमधून किंवा छातीच्या हाडाखालून यकृतात बारीक सुई जाते. तिला चिबा सुई म्हणतात, जपानमधल्या चिबा विद्यापीठावरून. सुईतून तार, तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३ साली रक्तवाहिन्यांसाठी छापलेली ही युक्ती आजही आमच्या टेबलावर रोज वापरली जाते. नळी बहुधा ८ किंवा १० फ्रेंच असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा ८ फ्रेंचची नळी बाहेरून जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, आतली पोकळी त्याहून बारीक. त्यातून दाट पित्त आणि गाळ जायचा असतो. ती तुंबते यात नवल नाही.

घरी जायच्या आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: नळी पित्त फक्त बाहेर काढते, की अडथळ्याच्या पलीकडे आतड्यातही सोडते? पहिलीला एक्स्टर्नल म्हणतात, दुसरीला इंटर्नल-एक्स्टर्नल किंवा रिंग बिलियरी. हे माहीत नसेल तर पुढच्या आकड्यांना काही अर्थ नाही, कारण एकीत जी वाईट खूण, ती दुसरीत चांगली असू शकते. त्याच पानावर नळी कधी टाकली, किती फ्रेंचची, आणि त्वचेजवळ नळीवर कुठली खूण दिसते तेही लिहून ठेवा. ती खूण बाहेर सरकली तर नळी सरकली.

रकाने कमीच ठेवा, जास्त आखले तर दोन दिवसांत कंटाळा येतो. तारीख, पिशवीतलं माप, रंग, ताप, शीचा रंग, आणि शेवटी “इतर”. माप रोज ठरलेल्या वेळी, सकाळी सातला म्हणजे सातला. पिशवीवरच्या खुणांवर विसंबू नका, पिशवी फुगली की त्या फसवतात. मापट्यात ओता, सपाट जागी ठेवा, डोळे खुणेच्या पातळीला आणून वाचा. दिवसभरात सलाइनने फ्लश केलं, म्हणजे नळी धुवायला सलाइन आत सोडलं असेल, तर तेवढं वजा करा. सकाळ-संध्याकाळ १० मिली सोडलंत आणि मापट्यात ४०० आलं, तर वहीत ३८०. काही जण मला म्हणतात, सिस्टर, वीस मिलीने काय होतंय? चारशेच्या मापात फारसं नाही. पण नळी तुंबायला लागली की आकडा साठ-सत्तरवर येतो, आणि तिथे वीस मिली म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त.

दोन पानं दाखवते, गावं आणि तारखा काढून. पहिलं एका आजींचं, नातवाने लिहिलेलं, नळी फक्त बाहेर काढणारी. मंगळवार ४८०, हिरवट पिवळं, ताप नाही, शी पांढुरकी. बुधवार ४६०, तसंच. गुरुवार १९०, आणि “इतर”मध्ये: ड्रेसिंग दोनदा बदललं, ओलं होतं. शुक्रवार ४०, संध्याकाळी हुडहुडी. आम्ही बुधवार आणि गुरुवारच्या मधे बोट ठेवतो. पित्त कमी झालं नव्हतं, नळीतून यायचं थांबून कडेने झिरपत होतं. फोन गुरुवारीच करायचा असतो, हुडहुडीची वाट बघायची नसते. नळीत गाळ बसला होता, तारेवरून नवी टाकली.

दुसरं पान एका काकांचं, रिंग बिलियरी. ५२०, मग ३५०, मग २१०, मग १५०. आकडे आजींसारखेच घसरलेले. पण ताप नाही, ड्रेसिंग कोरडं, आणि शीच्या रकान्यात काकूंनी लिहिलं होतं: “आज पिवळी झाली!!” दोन उद्गारचिन्हांसकट. म्हणजे पित्त आपल्या वाटेने आतड्यात जायला लागलं होतं. घाबरायचं कारण नव्हतं.

म्हणून माप एकटं वाचू नका, ते ड्रेसिंग, ताप आणि शी यांच्याबरोबर वाचा. फक्त बाहेर काढणाऱ्या नळीत कावीळ उतरली तरी शी पांढुरकीच राहते, कारण सगळं पित्त पिशवीत येतं. “डोळे साफ झाले, मग शी अशी का?” हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. आणि उलट बाजूही आहे: रिंग बिलियरीत माप अचानक लिटर-दीड लिटरवर गेलं, पातळ पाण्यासारखं येऊ लागलं, तर आतड्यातलं पाणी उलटं नळीत चढत असेल. तेही कळवा.

माप घटलं की फोन लावण्याआधी डोळ्यांनी नळी तपासा. ड्रेसिंगपासून पिशवीपर्यंत बोट फिरवा. कुठे मुडपलीय का, पेशंट त्यावर झोपलाय का, नाडी किंवा पट्टा आवळून बसलाय का. मग थ्री-वे, म्हणजे नळी आणि पिशवीमधली तीन तोंडांची चावी, बघा. आमच्याकडच्या थ्री-वेची दांडी ज्या दिशेला असते ती वाट बंद. तुमच्याकडचा कसा आहे ते वॉर्डातल्या सिस्टरकडून स्वतः फिरवून शिकून घ्या. फ्लश केल्यावर दांडी पुन्हा जागेवर आणायची राहून गेली, इतकंच कारण कितीतरी वेळा निघतं.

फ्लश डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, आणि सांगितला तेवढाच. बहुतेकांना ५ ते १० मिली नॉर्मल सलाइन सांगितलेलं असतं. हात साबणाने धुवा, जोडणीचं तोंड स्पिरिटने पुसून वाळू द्या, सिरिंजमधली हवा काढा आणि हळू ढकला. हळू म्हणजे पेशंट बोलत असताना त्याला कळणारसुद्धा नाही इतकं. अडलं किंवा दुखलं तर तिथेच थांबा. जोर लावलात तर जंतू असलेलं पित्त दाबाने रक्तात जाऊ शकतं, आणि तासाभरात थंडी वाजून ताप भरतो. सिरिंज मागे ओढायचीही नाही. रिंग बिलियरीत तर अजिबात नाही, आतड्यातली घाण नलिकेत ओढली जाते. घरचं उकळून गार केलेलं पाणी चालेल का? नाही. सलाइनच हवं, आणि फोडलेली बाटली आठवडाभर पुरवायची नाही.

ड्रेसिंगबद्दल फार सांगत नाही, ते वॉर्डात हाताने दाखवतात तेच बरं. एकच: कातडी कोरडी ठेवा. पित्त झिरपलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, तिथे झिंक ऑक्साइडचं मलम विचारून लावा. आंघोळ अंग पुसून. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर ठेवायची नाही, आणि निम्मी भरली की रिकामी करायची. भरलेल्या पिशवीच्या वजनाने टाका ओढला जातो.

आता पाण्याचं. बाहेर गेलेल्या पित्ताबरोबर सोडियम आणि बायकार्बोनेटही जातं. पिशवीत रोज सहाशे-सातशे येतंय, पेशंट जेवत नाही, आणि घरचे म्हणतात “अशक्तपणा आहे, आजारच तसा आहे”. आजार आहेच, पण निम्मा अशक्तपणा शरीर कोरडं पडल्याचा असतो. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, दिवसभर घोट घोट. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लघवी कमी झाली, उभं राहताना चक्कर आली, पेशंट गुंगीत बोलायला लागला, तर लगेच दवाखान्यात न्या. सोडियम तपासावं लागतं.

कॅज्युअल्टीत कधी पळायचं? ताप १००.४ च्या वर आणि थंडी, रात्री दोन वाजले असले तरी. पिशवीत ताजं लाल रक्त आलं तर. नळी टाकल्यावर एक-दोन दिवस गुलाबीसर येतं ते वेगळं. पू आला तर. नळी निसटली तर तीही घेऊन या, पण आत ढकलायचा प्रयत्न करू नका. भोकावर स्वच्छ गॉज ठेवा आणि त्याच दिवशी या. ती वाट लवकर बुजते, आणि बुजली की पुन्हा सुईपासून सुरुवात.

काही जणांना डॉक्टर नंतर नळी बंद करून बघायला सांगतात, पित्त आतल्या आत जातंय का ते कळावं म्हणून. बंद केल्याची वेळ वहीत लिहा. ताप, पोटात दुखणं किंवा कडेने झिरपणं यातलं काहीही झालं तर लगेच उघडून पिशवी लावा, मग फोन करा. आधी उघडायचं.

अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारायला माझ्यासारखी कुणी तुमच्याकडे आली, तर घाई करू नका. मराठी संमतीपत्र मागा, घरी नेऊन वाचा. आतापर्यंतच्या उपचारात नसलेली कुठली तपासणी त्यात आहे, तिचा खर्च कोणाचा, आणि अपाय झाला तर भरपाई कोण देणार, हे तीन प्रश्न विचारा. मधेच बाहेर पडलात तरी उपचार तसेच चालू राहिले पाहिजेत, हा तुमचा हक्क आहे. औषधाची किंवा उपकरणाची चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो, तो मागितला तर कुणी रागावू नये.

असे अभ्यास कशाला हवेत, तर नेदरलँड्समधलं एक उदाहरण सांगते. यकृताच्या मुखाशी असलेल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये, मोठ्या ऑपरेशनआधी कावीळ उतरवायला बरगड्यांमधली नळी बरी की तोंडावाटे स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी आतली छोटी नळी), याची चाचणी तिथे सुरू होती. नळीचा गट जिंकेल असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. दोन्ही गटांत २७-२७ पेशंट झाले तेव्हा नळीच्या गटात ११ जण दगावले होते, दुसऱ्यात ३. चाचणी मधेच थांबवली आणि निकाल २०१८ मध्ये छापला. तो आकडा वाचून तुमची नळी काढायला धावू नका. ते पेशंट वेगळे, तो टप्पा वेगळा. पण तेव्हापासून आमच्या फॉर्मवर “नळी बरोबर बसली” आणि “पेशंटला फायदा झाला” हे दोन रकाने मी कधीच एकात भरत नाही. पहिला टेबलावर कळतो. दुसरा तुमच्या वहीतून आणि बिलिरुबिनच्या, म्हणजे रक्तातल्या काविळीच्या, रिपोर्टमधून. बिलिरुबिन पुरेसं उतरल्याशिवाय केमोची बरीच औषधं सुरू करता येत नाहीत, तेव्हा तो रिपोर्ट ठरल्या दिवशीच करा.

नळी साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, काहीही त्रास नसला तरी. ती तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि मोबाइलमध्ये आठवडाभर आधीची आठवण लावा. येताना वही, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी आणा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखं रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आधी फोन करून सांगा, स्वतःहून बंद करू नका. किती तास उपाशी यायचं तेही त्याच फोनवर विचारून घ्या, आणि सोबत असा माणूस आणा ज्याने वही लिहिलीय. गाडी चालवणारा भाचा आला तर त्याला शीचा रंग माहीत नसतो.