सोसायटीत सोलर लावताय? आधी ठराव

वीजबिल कोणाच्या नावावर येतं ते बघा. वारलेल्या वडिलांच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या, कारण पीएम सूर्यघरचा, म्हणजे केंद्राच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या योजनेचा, अर्ज ग्राहक क्रमांकावर चालतो. आधार, पासबुक वगैरे सांगायला नको.

आता ठराव. स्वतःचं घर असेल तर हे सोडा. फ्लॅट असेल तर दोनदा वाचा. गच्ची वरच्या मजल्याची नसते, सगळ्यांची असते. मी चेअरमनना जिन्यात गाठलं, ते म्हणाले, "बसवा की, चांगलंच आहे." मला वाटलं, झाली परवानगी. मार्चमध्ये पॅनल लागले. मे महिन्यात चाकरमानी आले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या पुटाच्या कोकमाच्या सालांची परात घेऊन गच्चीवर पोचल्या. टाकीच्या बाजूची, दिवसभर उन्हाची ती त्यांची वाळवणाची जागा, आणि तिथे माझ्या स्ट्रक्चरचे चार पाय. "कोणाला विचारून?" कागद मागितला. कागद कुठला? चेअरमनना तर जिन्यातलं काही आठवेचना. पाय हलवले. जुन्या बोल्टांची भोकं कशीबशी बुजवली आणि जूनच्या पहिल्या पावसात खालच्या बिऱ्हाडाचं छत गळायला लागलं. वॉटरप्रूफिंगचा खर्च अर्थात माझा.

म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव. तोंडी नको, कमिटीचा नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे अंगठे तर मुळीच नकोत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, नोटीस चौदा दिवसांची. सेक्रेटरींना सांगून गणपतीच्या आसपासची तारीख धरा, तेव्हा एरवी बंद असलेल्या फ्लॅटांचे मालक इकडे गावी आलेले असतात. विषय विषयपत्रिकेवर छापून घ्या. "आयत्या वेळचे विषय" मध्ये घुसवलात तर पुढच्या कमिटीला तोडायला सोपं. ठरावात जागा लिहा: एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा, म्हणजे तीन किलोवॅटना तीनशे, आणि कोणता कोपरा ते नकाशावर दाखवा. टाकी साफ करणाऱ्याला वाट, वाळवणाची जागा, गळती झाली तर कोणी भरायचं, फ्लॅट विकला तर पॅनल कोणाचे, आणि उद्या बाकीच्यांनी मागितलं तर प्रत्येकाला किती. बारा फ्लॅटना तीन-तीन किलोवॅट आमच्या गच्चीत मावत नाही, हे मला हिशेब केल्यावर कळलं. लिफ्ट आणि पंपाच्या कॉमन मीटरवरच सोसायटीने घेतलं तर किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. तो विषयही त्याच सभेत काढा, भांडण अर्धं होतं. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत घरी ठेवा. प्रत घेतल्याशिवाय वेंडरला अॅडव्हान्स देऊ नका. एक रुपयाही नाही.

भोकं पाडण्यापेक्षा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर घ्या, पण वजन आणि वारा इंजिनिअरकडून तपासून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या गच्च्यांवरचे पत्रे कसे उडवले ते विसरला नसाल. पावसाळी शेडच्या पत्र्यावर पॅनल ठोकायचा सल्ला कोणी दिला तर शेडचे पाईप गंजले आहेत का ते आधी बघा. खाऱ्या हवेत रंगवलेलं लोखंड टिकत नाही: हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) मागा, नटबोल्ट स्टेनलेसचे, जमल्यास ३१६ ग्रेडचे. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या, तोंडी सगळेच हो म्हणतात. शेजारचा माड सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात सावली टाकतो का तेही पाहा. झावळ पडली तर काच फुटेल ती वेगळीच.

अर्थिंग तीन वेगवेगळी. जांभ्यात ती नीट बसत नाहीत, तेव्हा त्यांच्या रोधाचं रीडिंग कोरड्या मे महिन्यात घ्यायला लावा.

घरच्या मीटरवर अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तीन किंवा जास्तीला एकूण ७८ हजार, आणि पॅनल भारतीय सेलचेच लागतात. बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरही बंद, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मग नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा), मग तपासणी, मग खात्यात पैसे. पॅनल पावसाळ्यात धुतले जातात, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी मारा. वॉरंटीचे कागद ठरावाच्याच फायलीत.