घरच्या बीपी मशीनचे आकडे डॉक्टरांना पाठवण्याआधी

डॉक्टर आता बीपीचे आकडे फोनवर मागवून गोळीचा डोस ठरवतात. दवाखान्याची फेरी वाचते खरी, पण घरी मोजताना चुकलं तर डोसही चुकतो.

मशीन दंडावर पट्टा बांधायचंच घ्या. मनगटावरच्या मशीनमध्ये हात छातीच्या पातळीवरून जरा हलला की आकडा बदलतो. घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा. बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंमीचा पट्टा येतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा, कारण तोकडा पट्टा बीपी जास्त दाखवतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम बंद. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. बोलता बोलता घेतलेला आकडा धरू नका. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा; जास्त येईल तोच हात पुढे कायम.

सकाळी गोळी आणि न्याहारीआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, रात्री तसंच. असं सात दिवस. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. घरी १३५/८५ पासून बीपी वाढलेलं धरतात. १४०/९० ही दवाखान्यातली रेषा.

रोज स्क्रीनचे फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरांना त्यातून काही जुळवता येत नाही. आठवड्याचा एकच मेसेज करा: तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि कुठली गोळी चुकली तेही. वाईट आकडे गाळायचे नाहीत. घरात दोघं एकच मशीन वापरत असतील तर दोघांच्या नोंदी मेमरीत मिसळतात; युजरचं बटण आधी बघा.

अनियमित ठोक्यांची खूण पुन्हा पुन्हा आली तर आकड्यावर विसंबू नका, ईसीजीबद्दल विचारा.

१८०/१२० च्या वर गेलं तर थोडं थांबून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोबडी वळणं असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता १०८ लावा.