गुऱ्हाळावर माहितीपट काढायचा तर आधणाचा हिशेब आधी शिका

गुऱ्हाळावर रीटेक नसतो. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडल्यापासून पाक थंड करायच्या वाफ्यात ओतेपर्यंत एक आधण होतं, त्याला अडीच-तीन तास जातात. शेवटची दहा मिनिटं हुकली की पुढच्या आधणाची वाट बघायची. म्हणून कोल्हापूरच्या आसपास हंगामात चित्रीकरण करायचं तर एका गुऱ्हाळावर किमान तीन आधणं धरा. पहिल्याला कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि कोण कुठून येतं, कुठे उभं राहतं ते कागदावर मांडा. दुसऱ्याला लांबून, सगळं आवार दिसेल असं घ्या. तिसऱ्याला फक्त हात आणि चेहरे. नवशिके पहिल्याच आधणाला सगळं टिपायला धावतात आणि संकलनात एकही प्रसंग धड जुळत नाही.

गाडीतल्या एसीतून कॅमेरा थेट काहिलीजवळ नेला की भिंग धुरकटणारच. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. भिंगापुढे साधा यूव्ही फिल्टर हवाच, कारण पाकाचे शिंतोडे उडतात. त्यावर राख बसते. कोरड्या फडक्याने घासलंत तर ओरखडे पडतील. आधी ब्लोअरने राख उडवा, मग किंचित ओल्या मऊ कापडाने टिपा.

वाफ समोरच्या उजेडात नुसती पांढरी भिंत दिसते, मागून ऊन आलं तरच तिचे लोट दिसतात. सकाळचं तिरपं ऊन कुठल्या बाजूने शेडमध्ये शिरतं ते आदल्या दिवशी बघून ठेवा. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) दोन्ही ऑटोवरून काढा, नाहीतर वाफ आली-गेली की चेहरा काळवंडतो आणि रंगही बदलतो. चेहऱ्यावर एक्स्पोजर धरा. चुलवाणातला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीतला, जाळ फटफटीत झाला तरी चालेल. पहाटे ट्यूबलाइट चालू असतात, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे पट्टे लुकलुकणार नाहीत.

खरी अडचण आवाजाची. चरक चालू असताना मुलाखत घेऊ नका, कुठलंही सॉफ्टवेअर तो घरघराट नीट काढत नाही. गूळ शिजवणारा गुळव्या बहुधा बनियनवर किंवा उघडाच असतो, त्यामुळे कॉलर माइक घामाने खरखरतो. बूमवर, म्हणजे लांब दांडीवर, एकाच दिशेचा आवाज पकडणारा शॉटगन माइक धरा. चरक, उकळी, चुलवाणात चिपाड सारल्याचा आवाज, प्रत्येकी दोन मिनिटं वेगळं ध्वनिमुद्रण करा.

प्रश्न कामाचे विचारा. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ला ‘बरं वाटतंय की’ एवढंच उत्तर मिळतं. ‘मामा, मळी काढायला उशीर झाला तर काय हुतं?’ असं विचारलं की गुळवे मामा उकळत्या रसावरची मळी काढायच्या भेंडीच्या पाण्यापासून गुळाच्या रंगापर्यंत सगळं सांगतात. तुमचा प्रश्न पुढे कापला जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला आधीच सांगून ठेवा. संमती मालकाची घेऊन भागत नाही. चिपाडं वाळवणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाची कॅमेऱ्यासमोर घ्या. बोलीला उपशीर्षकात पुस्तकी करू नका.

पाक ओतताना कुठे उभं राहायचं हे गुळव्यालाच विचारा. तो पाक कातडीला चिकटून भाजतो, आणि काहील ओढणाऱ्यांच्या वाटेत ट्रायपॉड आला तर त्यांचाही जीव धोक्यात येतो.

सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. रोज चार तास धरले तर १८० जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि दोन्ही डिस्क एकाच पिशवीत ठेवू नका.

गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तयार झाला म्हणजे चित्रीकरण संपलं असं नाही. त्याच रव्यावर खूण करून मार्केट यार्डातल्या सौद्यापर्यंत त्याच्यामागे जा. भाव पुकारला जातो तेव्हा कॅमेरा अडत्यावर नको, शेतकऱ्यावर ठेवा. आकडा ध्वनिमुद्रणात येतोच.