टोटल स्टेशनच्या नोंदींपासून निर्देशकांपर्यंत: बंद ट्रॅव्हर्सची गणना स्प्रेडशीटमध्ये कशी करावी

शेताची, प्लॉटिंगच्या जागेची किंवा पाझर तलावाच्या क्षेत्राची मोजणी करताना टोटल स्टेशन या यंत्रातून प्रत्यक्षात हाती येतात ते कोन आणि अंतरे. नकाशा काढायला आणि क्षेत्रफळ मोजायला लागतात ते प्रत्येक बिंदूचे निर्देशक, म्हणजे मोजणीच्या बोलीतले को-ऑर्डिनेट. बाजारातली मोजणीची सॉफ्टवेअर हे रूपांतर एका क्लिकवर करून देतात. मात्र त्या क्लिकमागे काय घडते हे ज्याने एकदा तरी स्वतः करून पाहिलेले नाही, त्याला चुकीचे उत्तर समोर आले तरी ते चुकीचे आहे हे कळत नाही. म्हणून येथे संपूर्ण गणना लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल यांसारख्या साध्या स्प्रेडशीटमध्ये करून दाखवली आहे आणि शेवटी ती क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये नेली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशा खासगी मोजणीवरून बांधाचा वाद मिटवता येत नाही, कारण हद्द कायम करण्याचे काम भूमी अभिलेख विभागाचे आहे आणि त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडेच मोजणीचा अर्ज करावा लागतो. नियोजन, खोदकामाचे अंदाजपत्रक, शेततळ्याची जागा, पाइपलाइनची आखणी अशा कामांना मात्र ही पद्धत पुरेशी पडते.

शेतातून काय आणावे

ट्रॅव्हर्स म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या मोजलेल्या रेषांची मालिका, आणि स्टेशन म्हणजे यंत्र लावण्याचा बिंदू. बंद ट्रॅव्हर्समध्ये एका स्टेशनवरून निघून पुन्हा त्याच स्टेशनवर यायचे असते. प्रत्येक स्टेशनवर मागच्या स्टेशनकडे दुर्बीण रोखून, म्हणजे बॅकसाइट घेऊन, पुढच्या स्टेशनपर्यंतचा कोन घड्याळाच्या दिशेने मोजावा. तो फेस लेफ्ट आणि फेस राइट, म्हणजे दुर्बीण सरळ आणि उलटवून, अशा दोन्ही स्थितींत मोजून त्यांची सरासरी घ्यावी, आणि प्रत्येक बाजू दोन्ही टोकांवरून मोजावी. स्टेशने घड्याळाच्या उलट दिशेने घेतली, तर असे मोजलेले कोन आपोआप आकृतीचे आतले कोन ठरतात आणि पुढचा हिशेब सोपा होतो.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात आणि पहिल्या पावसात तीच जमीन फुगते, त्यामुळे वरवर ठोकलेली खुंटी काही महिन्यांनी त्याच जागी असेल याची खात्री देता येत नाही. काम पावसाळ्यानंतरही चालू राहणार असेल तर लोखंडी सळई खोल ठोकावी किंवा उघड्या खडकावर खूण करावी. दिशेसाठी होकायंत्रावर विसंबू नये, कारण आपल्या पायाखालच्या बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असते आणि त्यामुळे सुई जागोजागी थोडीफार ढळते. यंत्रात त्या दिवसाचे तापमान आणि हवेचा दाब भरला आहे का, आणि प्रिझमचा (समोरच्या टोकावर धरलेल्या परावर्तकाचा) स्थिरांक बरोबर आहे का, हेही पाहावे. ४२ अंशांच्या उन्हात तापमान व दाबाची दुरुस्ती न केल्यास दर किलोमीटरला तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, आणि प्रिझमच्या चुकीच्या स्थिरांकामुळे तर लहानमोठ्या प्रत्येक अंतरात एकसारखीच चूक शिरते.

पहिली पायरी: नोंदी जशाच्या तशा भराव्यात

स्प्रेडशीटमध्ये पहिले पान केवळ मूळ नोंदींसाठी ठेवावे आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती करू नये. गणना दुसऱ्या पानावर करावी. माझ्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, कारण मूळ आकड्यांवरच ‘थोडी सुधारणा’ केली की नंतर चूक शोधण्याचा मार्गच बंद होतो.

कोन भरताना अंश, मिनिटे आणि सेकंद यांसाठी तीन वेगळे स्तंभ करावेत. चौथ्या स्तंभात अंश अधिक मिनिटे भागिले ६० अधिक सेकंद भागिले ३६०० हे सूत्र द्यावे. ८९ अंश ४६ मिनिटे ५८ सेकंद हा कोन दशांशात ८९.७८२७७८ होतो. घाईने ८९.४६५८ असे टंकले, तर संगणक ते मुकाट्याने स्वीकारतो आणि कोनात सुमारे १९ मिनिटांची चूक होते. एवढ्या चुकीने १९० मीटर लांबीच्या बाजूचे दुसरे टोक एक मीटरहून अधिक सरकते.

अंतर तिरके असेल तर ते क्षितिजसमांतर करावे. शिरोबिंदूपासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या दिशेपासून, मोजलेला उभा कोन असल्यास तिरक्या अंतराला त्या कोनाच्या साइनने गुणावे. बहुतेक टोटल स्टेशन हे अंतर थेट देतात, तरीही तिरके अंतर आणि उभा कोन नोंदीत ठेवावेत.

जुन्या टिपणावरची मापे ताडून पाहायची असतील आणि त्यात साखळी व आणे दिसत असतील, तर ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे हा हिशेब लक्षात ठेवावा. अशा एका साखळीच्या चौरसाचे क्षेत्र १०८९ चौरस फूट, म्हणजे नेमके एक गुंठा असते.

दुसरी पायरी: कोनांची बेरीज तपासावी

उदाहरणासाठी क, ख, ग, घ अशी चार स्टेशने घेऊ. मोजलेले कोन अनुक्रमे ८९° ४६′ ५८″, ९०° १८′ ५८″, ९२° ०९′ ३८″ आणि ८७° ४४′ १८″ आहेत. त्यांची बेरीज ३५९° ५९′ ५२″ येते, तर चौकोनात ती ३६०° यायला हवी. बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणले की अपेक्षित बेरीज मिळते. म्हणजे ८ सेकंद कमी पडतात. यंत्राच्या लीस्ट काउंटला, म्हणजे यंत्र वाचू शकते त्या सर्वांत लहान कोनाला, स्टेशनांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणून चालण्याजोगी मर्यादा काढण्याचा प्रघात आहे. ५ सेकंदांच्या यंत्राला चार स्टेशनांसाठी ती १० सेकंद येते. आपली चूक मर्यादेत आहे, म्हणून प्रत्येक कोनात २ सेकंद मिळवावेत. चूक मर्यादेबाहेर असती, तर ती वाटून टाकण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. पुन्हा शेतात जाणे हाच उपाय उरला असता.

तिसरी पायरी: बेअरिंग काढावे

बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन. क-ख या पहिल्या बाजूचे बेअरिंग ७७° ५१′ ५०″ धरू. पुढच्या प्रत्येक बाजूसाठी मागच्या बेअरिंगमध्ये १८० आणि त्या स्टेशनचा दुरुस्त कोन मिळवावा आणि उत्तर ३६० च्या वर गेल्यास ३६० वजा करावे. स्प्रेडशीटमध्ये हे काम ‘मॉड’ हे फंक्शन करते. अशा रीतीने ख-गचे बेअरिंग ३४८° १०′ ५०″, ग-घचे २६०° २०′ ३०″ आणि घ-कचे १६८° ०४′ ५०″ येते. शेवटी क स्टेशनचा कोन मिळवून पुन्हा ७७° ५१′ ५०″ आले पाहिजे. ते सेकंदापर्यंत जुळले नाही तर कोठेतरी सूत्र चुकलेले आहे.

चौथी पायरी: पूर्व आणि उत्तर फरक

अंतराला बेअरिंगच्या साइनने गुणले की पूर्वेकडचा फरक आणि कॉसने गुणले की उत्तरेकडचा फरक मिळतो. नवख्यांचे काम बहुधा इथेच फसते, कारण स्प्रेडशीटला कोन अंशांत समजत नाही. सूत्रात आधी ‘रेडियन्स’ हे फंक्शन लावून त्याचा साइन किंवा कॉस घ्यावा.

आपल्या बाजू १९०.२५९, १७५.७२२, १९०.७०० आणि १८३.९८२ मीटर आहेत. पूर्वेकडचे फरक १८६.००७, −३५.९९३, −१८७.९९७ आणि ३७.९९९ येतात, आणि उत्तरेकडचे ३९.९९९, १७१.९९६, −३१.९९४ आणि −१८०.०१५. आपण निघालो तिथेच परतलो असल्याने दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. प्रत्यक्षात पूर्वेकडची बेरीज ०.०१६ आणि उत्तरेकडची −०.०१४ येते. या दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे २१ मिलिमीटर, हा आपला क्लोजिंग एरर झाला. एकूण परिघ ७४०.६६३ मीटर असल्याने अचूकतेचे प्रमाण सुमारे १ : ३४,८०० पडते, आणि शेताच्या कामाला ते उत्तम आहे.

चूक मोठी आली तर

एररचे वाटप करण्यापूर्वी येथे थांबावे, कारण वाटप केल्याने केवळ किरकोळ चुका सामावल्या जातात. ठोकळ चूक त्यामुळे नाहीशी होत नाही, ती सर्व स्टेशनांवर पसरून अधिकच लपते. समजा ख-ग हे अंतर १७५.७२२ ऐवजी १५७.७२२ असे भरले गेले. मग कोनांची बेरीज निर्दोष दिसते, पण पूर्वेकडची बेरीज ३.७०३ आणि उत्तरेकडची −१७.६३२ येते. एररची लांबी १८ मीटर आणि त्याची दिशा सुमारे १६८ अंश निघते. अंतरातली चूक नेहमी त्या बाजूच्या दिशेनेच एरर निर्माण करते, म्हणून एररला समांतर असलेली बाजू शोधावी. आपल्या शेतासारख्या जवळजवळ आयताकृती जागेत ख-ग आणि घ-क या दोन्ही बाजू समांतर असतात, त्यामुळे संशय दोघींवर येतो आणि फील्ड बुकमधल्या दोन्ही टोकांच्या नोंदी पाहूनच निकाल लावावा लागतो. १८ मीटर हा आकडाही बोलका आहे: दोन शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो.

दिशा काढताना ‘एटॅन२’ हे फंक्शन वापरावे. एक्सेल आणि कॅल्कमध्ये त्याला आधी उत्तरेकडचा आणि मग पूर्वेकडचा फरक द्यावा, म्हणजे उत्तर थेट उत्तरेपासूनचे बेअरिंग म्हणून मिळते. ते रेडियनमध्ये असल्याने अंशांत बदलून घ्यावे आणि ऋण आल्यास त्यात ३६० मिळवावेत.

चूक एखाद्या कोनात असेल तर एररच्या रेषेचा लंबदुभाजक त्या कोनाच्या स्टेशनजवळून जातो. नकाशावर ही रेषा काढून पाहिली की परत कोणत्या खुंटीवर यंत्र लावायचे हे बहुधा ठरते.

पाचवी पायरी: वाटप आणि निर्देशक

एरर मर्यादेत असेल तर अमेरिकन गणिती नॅथॅनिएल बोडिच यांच्या नियमाने तो वाटावा: प्रत्येक बाजूला तिच्या लांबीच्या प्रमाणात, उलट चिन्हाने दुरुस्ती द्यावी. येथे पूर्वेकडच्या प्रत्येक फरकातून ४ मिलिमीटर कमी होतात आणि उत्तरेकडच्या फरकांत अनुक्रमे ४, ३, ४ आणि ३ मिलिमीटर वाढतात. दोन्ही बेरजा आता शून्य येतात.

क स्टेशनला पूर्व १००० आणि उत्तर ५००० असे निर्देशक द्यावेत. दोन्ही आकडे मुद्दाम वेगळे ठेवावेत, म्हणजे पुढे कोणी स्तंभांची अदलाबदल केली तर ते लगेच दिसते. फरक एकामागून एक मिळवत गेल्यावर हा तक्ता तयार होतो:

| स्टेशन | पूर्व | उत्तर |
|---|---|---|
| क | १०००.००० | ५०००.००० |
| ख | ११८६.००३ | ५०४०.००३ |
| ग | ११५०.००६ | ५२१२.००२ |
| घ | ९६२.००५ | ५१८०.०१२ |

क आणि ग एकमेकांना दिसत असतील तर ते कर्णाचे अंतर प्रत्यक्ष मोजावे. निर्देशकांवरून ते २५९.७०५ मीटर येते. गणनेत न वापरलेले मोजमाप जुळले की कामावर खरा विश्वास बसतो.

क्षेत्रफळासाठी प्रत्येक बिंदूच्या पूर्व निर्देशकाला पुढच्या बिंदूच्या उत्तर निर्देशकाने गुणावे, त्यातून उलट गुणाकार वजा करावा आणि सर्वांच्या बेरजेचे निम्मे करावे. येथे ३४,२४५ चौरस मीटर, म्हणजे ३ हेक्टर ४२.४५ आर किंवा सुमारे ८ एकर साडेअठरा गुंठे येतात. मात्र हे ट्रॅव्हर्सच्या आकृतीचे क्षेत्र आहे. हद्दीच्या दगडावर यंत्र लावता येतेच असे नाही, म्हणून बांधाचे कोपरे, विहीर, विजेचे खांब हे जवळच्या स्टेशनवरून कोन आणि अंतराने घेऊन याच सूत्राने काढावेत आणि शेताचे क्षेत्र त्या कोपऱ्यांवरून मोजावे.

सहावी पायरी: नकाशावर आणणे

तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात साठवून क्यूजीआयएसमध्ये ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ थर म्हणून उघडावा आणि एक्सला पूर्व, वायला उत्तर स्तंभ द्यावा. हे स्थानिक निर्देशक तसेच यूटीएम या जागतिक निर्देशक पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात टाकले, तर आपले शेत मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात, विषुववृत्ताजवळ जाऊन बसते. म्हणून किमान दोन स्टेशनांवर रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणाऱ्या यंत्राने, यूटीएम निर्देशक घ्यावेत. त्या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या रेषेच्या स्थानिक आणि यूटीएम बेअरिंगमधला फरक म्हणजे आकृती किती फिरवायची तो कोन; तेवढी फिरवून मग ती योग्य जागी सरकवावी.

यूटीएममधले अंतर आणि जमिनीवरचे अंतर एक नसते, हे मराठवाड्यात विशेष जाणवते. ४३व्या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्वेला आहे आणि तिथे प्रमाण ०.९९९६ असते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरजवळ एका किलोमीटरचे अंतर नकाशावर सुमारे ४० सेंटिमीटरने कमी भरते. पूर्वेकडे सरकताना हा फरक घटत जातो, परभणीच्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो आणि नांदेडला तेच अंतर उलट ३० सेंटिमीटरच्या आसपास वाढते. समुद्रसपाटीपासूनच्या ५०० मीटर उंचीमुळे दर किलोमीटरला आणखी सुमारे ८ सेंटिमीटर वजा होतात. म्हणून फिरवताना आकृतीची लांबी ताणू नये, आणि क्षेत्रफळ स्थानिक निर्देशकांवरूनच सांगावे. किनवट शहर ७८ अंशांच्या पलीकडे, म्हणजे ४४व्या पट्ट्यात येते. तिथल्या कामाला ३२६४३ ऐवजी ३२६४४ हा ईपीएसजी क्रमांक (निर्देशक पद्धतीचा सांकेतिक क्रमांक) निवडावा.

शेवटी मूळ नोंदींचे पान, गणनेचे पान, सीएसव्ही आणि फील्ड बुकच्या पानांची छायाचित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. सोबत यंत्राचा लीस्ट काउंट, प्रिझमचा स्थिरांक, सुरुवातीचे बेअरिंग कोठून घेतले आणि क्लोजिंग एरर किती आला, हे चार ओळींत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच खुंट्यांवरून दुसऱ्या कोणाला काम पुढे नेता येईल.