बागेतल्या मिनी ट्रॅक्टरसाठी हिवाळ्यातले इंजिन ऑइल

मोसंबी-डाळिंबाच्या बागेत चालणारा मिनी ट्रॅक्टर डिसेंबरातल्या पहाटे स्टार्टर मारूनही नुसताच कण्हत राहिला, तर दोष बॅटरीचाच असतो असे नाही. गारठ्याने घट्ट झालेले ऑइल इंजिनाला सहज फिरू देत नाही, हेही त्यामागचे कारण असू शकते. परभणीकडे तर काही पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो.

ऑइलच्या डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे छापलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत सहज वाहते, आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहील हे सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जात असल्याने, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेला मान्य असेल तर डिझेल इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० बाराही महिने पुरते. नुसते ‘४०’ लिहिलेले एकेरी ग्रेडचे ऑइल मात्र हिवाळ्यात टाळावे. ‘५डब्ल्यू’चे महागडे ऑइल हौसेने घेण्याचीही गरज नाही.

जुने ऑइल इंजिन थोडा वेळ चालवून, ते कोमट असतानाच काढावे, म्हणजे तळाची घाणही त्याबरोबर निघते. फिल्टरही त्याच वेळी बदलावा. नवे ऑइल भरून इंजिन क्षणभर चालवावे, मग ट्रॅक्टर सपाट जागी बंद ठेवून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते, त्याची चिंता नको. डिपस्टिकवर ते ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ट्रॅक्टर न चालवता मिस्त्रीला बोलवावे.