सुंठ-काकवीचं जिंजरब्रेड घर

जिंजरब्रेड म्हणजे सुंठेचं मसालेदार बिस्कीट; त्याचं घर मूळचं जर्मनीतलं, नाताळातलं. इंग्रजी-अमेरिकी कृतींत मोलॅसिस किंवा गोल्डन सिरप असा साखरेचा दाट पाक लागतो. तो इथे शोधत बसायची गरज नाही. बेळगाव जिल्ह्यातला चिकोडी, रायबाग, अथणी हा सगळा उसाचा पट्टा आहे. गुऱ्हाळावरची ताजी काकवी त्याहून सरस लागते.

मैदा ४०० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, किसलेला गूळ १३० ग्रॅम, काकवी १०० ग्रॅम, सुंठपूड अडीच चमचे, दालचिनीपूड एक चमचा, चिमूटभर लवंगपूड, सोडा फक्त अर्धा चमचा. सोडा वाढवला की भिंती फुगतात आणि कडा गोल होतात. बटर डेअरीचं घ्या. घरच्या लोण्यात ताक राहतं, त्यामुळे भाजताना तुकडे वाकतात.

गूळ, काकवी आणि बटर मंद आचेवर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळी येऊ देऊ नका. पाक झाला की पीठ गार होताना दगडासारखं होतं आणि लाटताना तडकतं. गुळात खडे, चिपाडं असतात, म्हणून मिश्रण गाळूनच मैद्यात घाला. गोळा कोमट असतानाच बटरपेपरवर अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. भेगा पडल्या तर चमचाभर दूध पुरतं.

आधी जाड कागदाचे साचे कापून टेपने जोडून बघा. पुढची-मागची भिंत १२ सेंमी रुंद, कडेला १० सेंमी उंच, मध्ये टोक १७ सेंमीवर. बाजूच्या दोन भिंती १५ बाय १०, छपराचे दोन तुकडे १८ बाय साडेअकरा. दारं-खिडक्या कच्च्या पिठातच कापा. कापलेले तुकडे उचलू नका, उचलले की ताणले जातात. भोवतीचं पीठ काढून कागदासकट ट्रेवर सरकवा आणि पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

ओव्हन १७५ अंशांवर आधीच तापवून १२ ते १५ मिनिटं भाजा. लहान ओटीजीत दोन-तीन घाणे होतील. खिडकीला काच हवी असेल तर शेवटची चार मिनिटं उरली की लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा त्या भोकात भरा. बाहेर काढल्याबरोबर, गरम आहे तोवर, साचा ठेवून धारदार सुरीने कडा सरळ करा. गार झाल्यावर सुरी लावली की तुकडा मोडतो. मग रात्रभर जाळीवर वाळू द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट. घर पडतं ते बहुतेक वेळा मऊ भिंतींमुळेच.

चिकटवायला एका अंड्याचा पांढरा भाग, २२० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार थेंब, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट फेटा. घरी दळलेली साखर कणीदार राहते आणि आयसिंग पिळायचा कागदी कोन तुंबतो. अंडं कच्चंच राहतं, म्हणून लहान मुलं खाणार असतील किंवा घरात अंडं चालत नसेल तर साखर कोरडीच वितळवून सोनेरी करा आणि कडा तिच्यात बुडवून जोडा. ती क्षणात घट्ट होते, पण बोटं फार वाईट भाजते; हे काम मोठ्यांनीच करावं.

चारही भिंती उभ्या करून आतून-बाहेरून वाट्या टेकवा. निदान दोन तास तरी छपराला हात लावू नका. छपराचे तुकडे घसरू लागले तर खाली डबे लावून रात्रभर तसेच ठेवा.

सजावटीला खूप काही हाताशी आहे. बदामाचे काप खालून वर, एकावर एक चढवत लावले की खानापूरकडच्या कौलारू घरासारखं छप्पर दिसतं. वरून सुरुवात केली तर प्रत्येक ओळीची वरची कड उघडी पडते. वळचणीला काटेरी हलवा, पायवाटेला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, बर्फाला सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस. ओलं खोबरं अजिबात नको.

गूळ हवेतली ओल ओढतो, म्हणून पावसाळ्यात हा घाट घालू नये; डिसेंबरची कोरडी हवा बरी. मुंग्या लागू नयेत म्हणून घराखालचा पाट चार वाट्यांवर ठेवा आणि त्या वाट्या पाण्याच्या परातीत.