ऑईल प्रेशरचा काटा पडला? खरं काय ते असं बघा
चोरला घाटात स्पोर्ट्स कारचा ऑईल प्रेशरचा काटा शून्यावर आला तर पहिलं इंजिन बंद करा, सेंडरच (ऑईल प्रेशर मोजून काट्याला सिग्नल देणारा सेन्सर) खराब असणार म्हणून बेळगावपर्यंत गाडी रेटू नका, प्रेशर खरंच गेलं असेल तर बेअरिंग जायला वेळ लागत नाही. सपाटीवर डिपस्टिकने ऑईलची पातळी बघा. ऑईल बरोबर असेल तर सेंडरचा वायरचा कनेक्टर बघा, त्यात ऑईल झिरपलंय म्हणजे सेंडर गेलाच समजा. तरी खात्री करायचीच, गाडी टो करून गॅरेजात न्या आणि सेंडर काढून त्याच आट्यांत मेकॅनिकल गेज (वायरिंगशिवाय थेट प्रेशर दाखवणारं मीटर) लावायला सांगा. इंजिन गरम करून बघा, ढोबळमानाने दर १००० आरपीएमला १० पीएसआय प्रेशर हवं, पण मॅन्युअलमधला आकडाच खरा. गेज बरोबर दाखवतंय तर सेंडर किंवा वायरिंग, तिथंही कमी असेल तर पंप नाहीतर बेअरिंग, मग इंजिन चालूच करू नका.